दगडामागची नावे : उद्यान, स्मृती आणि विस्मरण

उद्यान ही निसर्गाची देणगी आहे, हा समज जितका सर्वमान्य आहे तितकाच चुकीचा आहे. निसर्गाने रान दिले, नदी दिली, खडक दिला. उद्यान मात्र माणसाने रचले. जे माणसाने रचले त्याला हेतू असतो, भाषा असते, इतिहास असतो; म्हणूनच त्याचा अर्थ लावावा लागतो. काव्याचा, शिल्पाचा, वास्तूचा अर्थ लावण्याची जबाबदारी मराठी समीक्षेने कमीअधिक प्रमाणात पत्करली आहे. उद्यान मात्र तिने नगरपालिकेच्या उद्यान-अधीक्षकावर सोपवून दिले आणि हात झटकले. त्यामुळे उद्यानाविषयी बोलण्याच्या दोनच रीती आज शिल्लक उरल्या आहेत. एक रीत शोभेची आहे. तिच्या लेखी उद्यान म्हणजे शहराचे फुप्फुस, सहलीचे ठिकाण, फुलांचे प्रदर्शन. दुसरी रीत मालकीची आहे. ती विचारते, की हे कोणी बांधले, म्हणजे हे कोणाचे? या दोन्ही रीती वरवर भिन्न दिसतात. पण उद्यान वाचण्याचे टाळणे, हा दोघींचाही मूळ स्वभाव आहे. प्रस्तुत विवेचन या दोहोंच्या विरोधात आहे, आणि त्याचा आधार बंगळूरची लालबाग हा आहे.

लालबागेइतके विविध थरांचे उद्यान दक्षिणेत क्वचितच सापडेल. १७६० मध्ये हैदर अलीने सुमारे चाळीस एकर जागेत तिचा आरंभ केला. तिचा नमुना शिऱ्याच्या मोगल बागेचा होता, असे मानले जाते. हे शिरे म्हणजे १६८७ नंतर मोगल सुभ्याचे ठाणे झालेले आणि अठराव्या शतकातील मराठी कागदपत्रांना चांगले परिचित असलेले गाव. टिपूने दूरदूरच्या देशांतून रोपे व बियाणे आणवली. १७९९ नंतर बाग कंपनीच्या हाती गेली आणि १८५६ मध्ये ती सरकारी वनस्पती-उद्यान ठरली. जॉन कॅमेरन याने १८७४ ते १९०८ या काळात तिचा विस्तार केला. १८८९ मध्ये काचघराची पायाभरणी झाली. कॅमेरननंतर गुस्ताव्ह हर्मन क्रुम्बीगल आला. आज बागेचे क्षेत्र सुमारे २४० एकर आहे. आणि या सर्वांच्या आधीपासून तेथे एक खडक आहे. त्याच्यावर केंपेगौडा घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा बुरूज उभा आहे. खडकाचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे सांगितले जाते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून मान्यता दिली आहे.

या बागेत वर्षातून दोनदा, प्रजासत्ताकदिनाच्या आणि स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, पुष्पप्रदर्शन भरते. काचघरात फुलांच्या प्रतिकृती उभारल्या जातात. कधी एखादी प्रसिद्ध इमारत, कधी एखाद्या थोर पुरुषाचे स्मारक. लक्षावधी फुले वायरच्या सांगाड्यावर टोचली जातात, लोक रांगा लावून ती पाहतात, आणि काही दिवसांनी सांगाडा उतरवला जातो. यात लोकांच्या आनंदाची हेटाळणी करण्याचे कारण नाही. प्रश्न वेगळा आहे. ज्या बागेला स्वतःची अडीचशे वर्षांहून अधिक स्मृती आहे, तिला स्मृतीसाठी दुसऱ्याच वास्तूची प्रतिकृती का उभारावी लागते? बाग स्वतःविषयी काही सांगू शकत नाही, असे गृहीत धरल्याखेरीज हे घडत नाही. त्याच बागेत तीनशे कोटी वर्षांच्या खडकावर बसून शेंगदाण्याची टरफले टाकणारा माणूस बोन्सायच्या कुंडीपुढे मात्र आवाज खाली आणतो. पूर्वेकडून आलेल्या वस्तूला गूढ अर्थ असलाच पाहिजे आणि पायाखालच्या वस्तूला तो असूच शकत नाही, ही श्रद्धा या आदराच्या मुळाशी आहे.

म्हणून पूर्वेकडील उद्यानांविषयीच्या या भाबड्या आदराचा आधी समाचार घेतला पाहिजे. चिनी आणि जपानी उद्यान म्हणजे शांतता, ध्यान, निसर्गाशी तादात्म्य, असे एक समीकरण पाश्चात्त्य पुस्तकांतून भारतीय सुशिक्षितांकडे आले आणि येथे ते प्राचीन पौर्वात्य ज्ञान म्हणून स्थिरावले. वस्तुतः ‘झेन उद्यान’ हा शब्दप्रयोगदेखील १९३० च्या दशकातील इंग्रजी लेखनातून रूढ झालेला आहे. तो ज्यांना चिकटवण्यात आला ती उद्याने कित्येक शतके त्याच्याशिवाय नांदत होती. चिनी उद्यानाची खरी परंपरा पाहिली तर तिच्यात ध्यानापेक्षा अपमान अधिक आहे, तादात्म्यापेक्षा राजकारण अधिक आहे आणि शांततेपेक्षा शोक अधिक आहे.

सुझौ येथील त्सांगलांग मंडपाचे उद्यान सोंग काळातील सू शुन्चिन याने १०४० च्या दशकात रचले. तो सुखाने निवृत्त झालेला नव्हता. त्याला पदावरून काढून टाकण्यात आले होते. उद्यानाला दिलेले नाव त्याने एका प्राचीन कोळीगीताच्या संदर्भातून घेतले. जग स्वच्छ असेल तसे वागावे, गढूळ असेल तसे वागावे, असा त्या संदर्भाचा आशय आहे. म्हणजे उद्यानाचे नाव हेच बडतर्फ अधिकाऱ्याचे प्रतिपादन होते. त्याच शहरातील, चौकोनी इमारतींच्या गर्दीत आजही जगभरचे प्रवासी खेचणारे त्सौत्सेंग उद्यान वांग श्येनछेन या अशाच एका पदच्युताने सोळाव्या शतकाच्या आरंभी उभारले. भाजी लावणे हेच अडाणी माणसाचे राज्यकारण, असा उपरोध त्याच्या नावात आहे. १५३३ मध्ये चित्रकार-कवी वेन झेंगमिंग याने त्या उद्यानातील एकतीस स्थळांची चित्रे काढली आणि प्रत्येकासोबत कविता व टिपण लिहिले. पुढच्याच पिढीत ते उद्यान जुगारात गेले, असे सांगतात. आज जे दिसते त्यात वांगच्या काळचे फार थोडे उरले आहे. तरीही ते ‘तेच’ उद्यान मानले जाते. कारण त्याचे सातत्य मातीत टिकले नाही. ते लेखनात टिकले.

हा मुद्दा नीट समजून घेतला पाहिजे. त्सांगलांग मंडप अनेकदा ढासळला, त्याची जागा मठाकडे गेली, आणि सतराव्या शतकाच्या अखेरीस एका प्रांताधिपतीने तो पुन्हा उभारला. पुन्हा उभारता आला, कारण सू शुन्चिनचा लेख लोकांच्या वाचनात होता. ली गफेई याने अकराव्या शतकाच्या अखेरीस लोयांगच्या नामांकित उद्यानांची नोंद लिहिली. तिचा निष्कर्ष असा, की लोयांगच्या बागांची भरभराट आणि पडझड ही सगळ्या राज्याच्या स्थितीची खूण आहे. थोड्याच दशकांत उत्तर चीन परकी सत्तेच्या ताब्यात गेला आणि ती नोंद भविष्यवाणीसारखी वाचली जाऊ लागली. मिंग काळाच्या अखेरीस तर लिऊ शिलोंग याने अस्तित्वातच नसलेल्या उद्यानाविषयी टिपण लिहिले. जे उद्यान नाही ते उद्ध्वस्त होऊ शकत नाही, हा त्यातला युक्तिवाद. जी संस्कृती नसलेल्या उद्यानाचीही स्मृती जपू शकते, तिच्याकडून केवळ चंद्राकृती दरवाजा आणि वाकडा पूल उचलणे म्हणजे ग्रंथ फेकून पुठ्ठा घरी नेणे होय.

जपानचेही तेच. तोक्योतील रिकुगिएन हे १७०२ मध्ये पूर्ण झालेले उद्यान जपानी काव्यपरंपरेतील संदर्भांवरून नाव मिळालेल्या ८८ स्थळांनी रचले गेले. त्या कविता ज्याला ठाऊक नाहीत त्याला तेथे टेकड्या आणि पाणी दिसते. ज्याला ठाऊक आहेत त्याला एक काव्यसंग्रह दिसतो. अर्थात ‘निसर्गाचे सहज दर्शन’ तेथे कधीच अभिप्रेत नव्हते. अभिप्रेत होती ती साक्षरता.

येथे देशीवादी आक्षेप अपेक्षित आहे. तो असा, की चिनी-जपानी उद्याने त्यांच्या मातीतली. भारतीय शहरात ती आणणे हे अनुकरण, आणि अनुकरण म्हणजे सांस्कृतिक दास्य. हा आक्षेप ऐकायला बाणेदार आहे, पण तो टिकत नाही. तोक्योतील कोइशिकावा कोराकुएन हे उद्यान १६२९ मध्ये सुरू होऊन १६६९ मध्ये पूर्ण झाले. त्यात चीनमधील हांगचौच्या पश्चिम सरोवरातील बांधाची प्रतिकृती आहे. त्याला नाव देणारा चू शुन्श्वी हा मिंग राजवट कोसळल्यावर जपानात आश्रय घेतलेला चिनी विद्वान होता. ते नाव सोंग काळातील एका प्रसिद्ध चिनी निबंधातील विचारावरून घेतलेले आहे: राज्य करणाऱ्याने चिंता प्रजेच्या आधी करावी आणि सुख प्रजेच्या नंतर भोगावे. म्हणजे ज्याला अस्सल जपानी म्हटले जाते त्या उद्यानात एका निर्वासिताची हरवलेली मायभूमी दडलेली आहे. उसने घेणे हा तेथे दोष नव्हता. काय उसने घेतले हे त्यांना ठाऊक होते, एवढाच फरक. पण सगळा फरक तेवढ्यातच आहे.

लालबागेलाही हा न्याय लावला तर देशीवादाची अडचण अधिक स्पष्ट होते. क्रुम्बीगल जर्मनीत ड्रेस्डेनजवळ जन्मला, लंडनच्या क्यू उद्यानात शिकला आणि १८९३ मध्ये भारतात आला तो सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात. मराठी राजाच्या चाकरीत पंधरा वर्षे काढून १९०८ मध्ये तो म्हैसूर संस्थानात गेला. वर्षाच्या प्रत्येक ऋतूत कोणते ना कोणते झाड फुललेले असावे, अशा क्रमाने त्याने बंगळूरच्या रस्त्यांवर वृक्ष लावण्याची योजना केली. महायुद्धांच्या काळात शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला नजरकैद सोसावी लागली. तरी तो येथेच राहिला आणि १९५६ मध्ये बंगळूरलाच वारला. बंगळूरचा माणूस आज ज्या बहराला ‘आपल्या गावाचा वसंत’ म्हणतो त्यातला गुलमोहर मादागास्करचा आहे, जॅकरंडा दक्षिण अमेरिकेचा आहे. कॅमेरनच्या काळात लालबागेतून पसरलेली चाऊ-चाऊ ही भाजी कन्नड घरांत ‘सीमे बदनेकायि’, म्हणजे परमुलखातले वांगे, या नावाने शिजते. ती परकी आहे ही आठवण नावातच जपून लोकांनी ती आपली केली. सामान्य गृहिणीच्या भाषेने जे सहज साधले ते उद्यानशास्त्राच्या पाट्यांना साधलेले नाही.

पुण्यात सिंहगड रस्त्यावर ओकायामा शहराशी असलेल्या मैत्रीतून एक जपानी धर्तीचे उद्यान उभे राहिले. त्याचा आदर्श म्हणजे ओकायामाचे कोराकुएन, जे इकेदा त्सुनामासा याने १६८७ ते १७०० या काळात घडवले. पुण्यातील उद्यानाला पु. ल. देशपांडे यांचे नाव आहे. ज्याने ‘पूर्वरंग’मध्ये मराठी वाचकाला जपान दाखवला त्याचे नाव जपानी उद्यानाला असावे, याहून समर्पक योग कोणता? पण तेथील हिरवळीवर चालणाऱ्यांपैकी किती जणांना हा योग लक्षात येतो? ओकायामाचे मूळ उद्यान १९३४ च्या पुरात आणि १९४५ च्या बाँबहल्ल्यात उद्ध्वस्त झाले आणि जुन्या चित्रांच्या व नोंदींच्या आधारे पुन्हा घडवले गेले, हे त्यांना कोणी सांगितले आहे का? सांगितले असते तर मुठेच्या पाण्यावर वाढलेले ते गवत केवळ नीटनेटके वाटले नसते. विनाशानंतर कागदावरून परत आणलेल्या एका जगाची ती नक्कल आहे, हे कळले असते. आकार आला, आशय बंदरावरच राहिला. दोष आयातीचा नाही. दोष अर्धवट आयातीचा आहे.

आता मालकीच्या रीतीकडे वळावे. बंगळूरचा विषय निघाला की मराठी माणसाला शहाजीराजांची आठवण होते, आणि ती रास्त आहे. १६३८ मध्ये रणदुल्लाखानाच्या मोहिमेत बंगळूर विजापूरकरांकडे आले आणि शहाजीराजांच्या जहागिरीचे केंद्र झाले. जयराम पिंड्ये याचा ‘राधामाधवविलासचंपू’ हा त्या दरबाराचा वाङ्मयीन आलेख आहे. राधा-माधवाच्या विलासापासून निघून तो अनेक भाषांच्या कवींनी गजबजलेल्या शहाजीच्या सभेपर्यंत येतो. १९२२ मध्ये राजवाड्यांनी विस्तृत प्रस्तावनेसह तो प्रसिद्ध केला. मल्लेश्वरममधील काडु मल्लेश्वर मंदिराजवळ १६६९ चा शिलालेख आहे. व्यंकोजीने त्या देवाला दिलेल्या गावाच्या दानाची त्यात नोंद आहे. कन्नडमध्ये ‘काडु’ म्हणजे रान. पुढे १६८७ मध्ये बंगळूर मराठ्यांच्या हातून गेले आणि चिक्कदेवराज वोडेयरांकडे आले.

हे सारे सांगावे, अभिमानाने सांगावे. पण सांगताना स्वर पाहावा. ‘हे शहर आमचे होते’ हा स्वर लागला की स्मृती संपते आणि दावा सुरू होतो. कन्नड अभिमानी बुरुजाकडे बोट दाखवून केंपेगौडाचे नाव घेतो. दुसरा कोणी हैदर-टिपूच्या नावाने बाग मिरवतो. तिसरा त्याच नावांमुळे बागेच्या इतिहासावर बोळा फिरवू पाहतो. चौथ्याला वाटते की इंग्रज नसते तर तेथे झुडपेच राहिली असती. प्रत्येकाच्या हाती एकेक सत्य आहे, आणि प्रत्येकजण त्याचा उपयोग दुसऱ्याचे सत्य झाकण्यासाठी करतो. स्मृती म्हणजे सातबाऱ्याचा उतारा नव्हे. त्या शिलालेखात मराठी राजपुत्राने कन्नड मुलखातील रानदेवाला दान दिले आहे. ज्याला त्यातले फक्त देणाऱ्याचे नाव दिसते आणि ज्याच्या पुढ्यात ते दिले गेले तो देव, ते रान, ते गाव दिसत नाही, त्याने लेख वाचलेलाच नाही.

मालकीच्या रीतीचा मोठा अपराध याहून वेगळाच आहे. बाग कोणी ‘बांधली’ हे विचारताना ती कोणी खणली, शिंपली आणि खुरपली हे ती विचारीत नाही. या बाबतीत पूर्वेकडील परंपराही निर्दोष नाही. क्योतोतील र्योआनजी मठाच्या अंगणातील पंधरा दगडांवर जगभर तत्त्वज्ञान झाले. ओसरीवर कोठेही बसले तरी पंधराही दगड एकदम दिसत नाहीत, यावरून अपूर्णतेचे सिद्धान्त रचले गेले. पण त्यांतील एका दगडाच्या मागील बाजूस दोन माणसांची नावे कोरलेली आहेत. ती दगड रचणाऱ्या मजुरांची असावीत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मध्ययुगीन जपानात असे काम ‘कावारामोनो’, म्हणजे नदीकाठचे लोक, करीत. मेलेली जनावरे ओढणारे, कातडे कमावणारे, अपवित्र मानले गेलेले. त्यांच्यातलाच झेनआमी हा पंधराव्या शतकात शोगुनाचा मान्यवर उद्यानकार झाला. मराठी वाचकाला ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याच्या हाताने पावित्र्य घडते त्याला पवित्र जागेत स्थान नसते, हे त्याला जन्मतः ठाऊक आहे. दगडाच्या पुढल्या बाजूस तत्त्वज्ञान आणि मागल्या बाजूस नावे, ही मांडणी केवळ क्योतोची नाही.

चिनी उद्यानाचीही मागली बाजू आहे. क्रेग क्लूनस या कलेतिहासकाराने १९९६ मधील आपल्या ग्रंथात दाखवले, की मिंग काळाच्या पूर्वार्धातील उद्याने फळबागा, भाजीचे वाफे आणि मासळीची तळी असलेल्या उत्पन्नाच्या मिळकती होत्या. पुढे त्यांचे ‘सौंदर्य’ झाले आणि उत्पन्न विस्मरणात ढकलले गेले. उत्पन्न विसरले की कष्ट विसरणे सोपे जाते.

याउलट मराठी परंपरेजवळ एक असे धन आहे, जे चीनच्या अधिकारी-कवींकडे नव्हते आणि जपानच्या सामंतांकडेही नव्हते. येथे माळी स्वतः बोलला. अरणगावचा सावता मळा सोडून पंढरीला गेला नाही. त्याने मळ्यालाच पंढरी मानले, आणि हे त्याने स्वतःच्या अभंगांतून मांडले. बागेचा अर्थ बागेत राबणाऱ्याने सांगावा, ही घटना जगाच्या उद्यान-वाङ्मयात विरळा आहे. पुढे ज्या घराण्याने पेशव्यांना फुले पुरवली आणि त्यावरून ‘फुले’ हे नाव धारण केले, त्याच घराण्यात जोतीराव जन्मले. ज्यांच्या ओंजळीतून फुले वाड्यात जात होती त्यांच्यातल्या एकाने पुढे वाड्याच्या व्यवस्थेचाच हिशेब मागितला. पुण्याच्या बागांचा इतिहास लिहायचा तर या हिशेबाशिवाय तो कसा लिहिला जाईल? पण पुण्याने तो इतिहासच ठेवला नाही. तुळशीबाग ही बाजारपेठ झाली, रमणबाग शाळेचे नाव झाले, बेलबाग चौकाचे. पर्वतीच्या पायथ्याचे तळे बुजले आणि त्यातील बेटावरची सारसबाग जमिनीवर आली. शब्द राहिले, बाग गेली. चीनमध्ये शब्दांवरून बाग परत येई. पुण्यात शब्द असूनही कोणाला बाग आठवत नाही. कारण ते शब्द पत्ता सांगण्यासाठी वापरले जातात, अर्थ सांगण्यासाठी नाही.

बंगळूर या बाबतीत पुण्याहून भाग्यवान आहे. तेथे तिगळ हा तमिळ मुळाचा, बागाइतीचा परंपरागत व्यवसाय असलेला समाज आहे. चैत्रात धर्मराय मंदिरापासून निघणारा करग हा त्यांचा उत्सव. द्रौपदीच्या शक्तीचा कलश माथ्यावर घेऊन करगधारी रात्रभर जुन्या पेठांतून फिरतो. वाटेत तवक्कल मस्तानच्या दर्ग्यात थांबतो. या उत्सवाचे विधी ज्या पाण्याशी जोडलेले आहेत त्यांपैकी संपंगी तलाव आज जवळजवळ उरलेला नाही; त्याच्या पात्रात क्रीडांगण उभे आहे. तलावाचा लहानसा अवशेष मागे आहे, आणि विधी तेथे जातो. स्मृती श्रीनिवास यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात करगाचा विचार नागरी स्मृतीचे भूदृश्य म्हणून केला आहे. आराखड्यातून पुसला गेलेला तलाव माळ्यांच्या पावलांना ठाऊक आहे. सुझौच्या विद्वानाने जे लेखणीने केले ते येथे निरक्षर मानल्या गेलेल्यांनी चालून केले. उद्यानाचा अर्थ हा अभिजनांचा छंद आहे, असे म्हणणाऱ्यांना यापुढे आणखी उत्तर देण्याची आवश्यकता नाही.

तरीही व्यवहारी माणूस म्हणेल: शहराला सावली हवी, शुद्ध हवा हवी, स्मृती घेऊन काय करायचे? या प्रश्नाचे उत्तर व्यवहाराच्याच पातळीवर देता येते. २००९ मध्ये मेट्रोच्या मार्गासाठी लालबागेच्या कडेची भिंत आणि झाडे पडली तेव्हा नागरिक रस्त्यावर आले. २०२५ मध्ये भुयारी रस्त्याच्या आराखड्यात बागेची जागा आल्यावर पुन्हा विरोध झाला. दोन्ही वेळी वाद मुख्यतः संख्येचा झाला: झाडे किती, एकर किती. संख्येच्या वादात बाग नेहमी हरते, कारण संख्येला संख्येने उत्तर देता येते. एक झाड तोडले तर दहा रोपे लावू, येथली एक एकर घेतली तर तेथे दोन देऊ. सावलीला पर्याय असतो, हवेलाही असतो. स्मृतीला पर्याय नसतो. हैदरच्या बागेचा कोपरा शहराबाहेर ‘भरपाई’ म्हणून देता येत नाही, आणि तीनशे कोटी वर्षांचा खडक दुसरीकडे रुजवता येत नाही. तेव्हा अर्थ ही बागेवरची शोभा नव्हे. अर्थ हीच तिची तटबंदी आहे. ज्यांनी तो शिकवला नाही त्यांनी आंदोलकांना आधीच निःशस्त्र केले होते.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. स्मृती ही नेहमी गोड नसते. १८६० च्या ऑक्टोबरमध्ये इंग्रज-फ्रेंच सैन्याने पेकिंगजवळचे युआनमिंगयुआन हे राजोद्यान लुटले आणि इंग्रजांनी ते जाळले. त्या मोहिमेत हिंदी पलटणी होत्या. आज ज्यांचे केंद्र बंगळूरला उलसूर तलावाकाठी आहे त्या मद्रास सॅपर्सच्या तुकड्याही मोहिमेवर होत्या. चीनने ते उद्यान भग्नावस्थेत जपले आहे. ते पूर्ण उभारावे की अवशेषच बोलू द्यावेत, हा वाद तेथे दीर्घकाळ चालला. तलावाकाठी फिरणाऱ्या बंगळूरकराला या राखेशी आपले काही नाते आहे याची कल्पना नसते. दुसऱ्याच्या उद्यानावर प्रेम करण्याची पहिली अट अशी, की त्याच्या विनाशात आपल्याकडचे कोण कोठे उभे होते तेही ठाऊक असावे. तेवढे ठाऊक नसताना लाल रंगाचा पूल बांधून ‘पूर्वेशी नाते’ जोडणे हे सौजन्य नव्हे. ते अज्ञान आहे.

मग काय करावे? नवी स्मारके नकोत, फुलांचे आणखी सांगाडेही नकोत. झाडाला शास्त्रीय नावाची पाटी असते. ते कोठून आले, कोणी आणले, लोकांनी त्याला काय नाव दिले, हेही तीवर कन्नडमध्ये आणि शेजारच्या भाषांमध्ये असावे. उद्यान-विभागाच्या हजेरीपटांत पिढ्यान्‌पिढ्यांची नावे पडून असतात. ती इतिहासाची साधने मानावीत. बंगळूरच्या मराठी मंडळींनी शहाजीराजांच्या स्मृतीसोबत काडु मल्लेश्वराच्या रानाचीही चौकशी करावी. आणि मराठी समीक्षेने मान्य करावे, की जी कृती चालत वाचावी लागते तीही कृतीच असते. पाश्चात्त्य सिद्धान्तांच्या पारिभाषिक शब्दांवर खर्ची पडलेल्या तीन दशकांतील थोडा वेळ जरी तुळशीबागेच्या नावावर खर्च झाला असता, तर ‘स्मृती’ या संकल्पनेवर इतके कोरडे लेखन झाले नसते.

र्योआनजीच्या दगडामागची नावे पर्यटकाला ओसरीवरून दिसत नाहीत. ती पाहायची तर बसल्या जागेवरून उठावे लागेल, दगडाला वळसा घालावा लागेल आणि मातीत उतरावे लागेल. लालबागेच्या बाबतीत एवढेही कष्ट नाहीत. तेथे मातीत उतरलेला माणूस रोज सकाळी पाण्याची नळी हाती घेऊन उभा असतो. प्रश्न एवढाच आहे, की बागेविषयी विचारायचे असेल तेव्हा पहिल्यांदा त्याला विचारावे, हे कोणाला सुचते का.